पाय काढ

ट्रॅक्टरच्या सीटखाली, उजव्या टाचेजवळ, एक लहानसं पेडल असतं. क्लच-ब्रेकसारखं ते समोर येऊन उभं राहत नाही. आमच्या वरवंडात पोरगं पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसलं की त्याला गियर शिकवतात, हायड्रॉलिकचा लिव्हर शिकवतात, ट्रॉली मागे कशी घ्यायची ते शिकवतात. या पेडलाची ओळख मुद्दाम कुणी करून देत नाही. ती चिखल करून देतो.

माझी ओळख उसाच्या फडात झाली. तोड चालू होती, ट्रॉली भरून उभी होती आणि वरच्या अंगाची चारी पाझरून बांधाकडची जमीन रात्रीत मऊ पडली होती. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिच्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. ओली झाली की तीच माती बुटाला, खुरप्याला, चाकाला अशी धरते की सोडवता सोडवत नाही. ट्रॅक्टर दहा-बारा फूट पुढे गेला आणि उजवं चाक जागेवरच फिरायला लागलं. डावं चाक मात्र ढिम्म. मी रेस वाढवली. उजव्या चाकानं आणखी माती उडवली आणि आणखी खाली बसलं. आमचे आण्णा बांधावरून आले. त्यांनी माझ्या टाचेकडे बोट दाखवलं.

"आधी रेस कमी कर. चाक थांबू दे. मग दाब."

दाबलं. खाली कुठंतरी 'टक' झालं. आवाज मोठा नव्हता, विळा दगडाला लागावा एवढाच. मग मी हळूच क्लच सोडला आणि इतका वेळ मख्ख उभं असलेलं डावं चाक फिरायला लागलं. दोन्ही चाकांनी मिळून ट्रॅक्टर चिखलातून उपसून काढला. मी खुशीत तसाच पुढे निघालो. समोर चारी होती, तिच्या काठानं वळायचं होतं. स्टिअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली, ट्रॅक्टर मात्र सरळच चालला. वळलेली चाकं मातीवरून आडवी घसरत होती आणि मागून आण्णा ओरडत होते, "पाय काढ! आरं, पाय काढ!"

पाय काढला. स्प्रिंगनं पेडल वर आलं आणि ट्रॅक्टर चारीच्या अगदी काठावरून वळला.

त्या पेडलानं लागणाऱ्या, मागच्या डिफरन्शियलच्या लॉकरशी माझी ओळख ही अशी. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी घरच्या फोर-बाय-फोर गाडीला लॉकर बसवायचं ठरलं, तेव्हा तो मला दुकानातला सुटा भाग वाटलाच नाही. घरात नवा माणूस आणताना जसं सगळीकडून विचारून घेतात, तसं मी त्याच्या स्वभावाची चौकशी करत फिरलो.

त्याचा स्वभाव कळायचा तर आधी तो ज्याच्या घरात राहतो त्या डिफरन्शियलचा स्वभाव कळायला हवा. डिफरन्शियल भला आहे. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून आमच्या वरवंडला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटी घाटाकडे निघते. वळणावर एखादी दिंडी नीट पाहा. ओळीत आतल्या बाजूला असलेला वारकरी जवळपास जागेवरच पावलं टाकतो, बाहेरचा ढांगा टाकत जातो, म्हणून ओळ मोडत नाही. गाडीच्या दोन चाकांचंही तसंच. चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर गाडी पूर्ण मागे वळेपर्यंत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेपाच मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर हा फरक टायर घासून किंवा दांडा पिळवटून भरून काढावा लागेल. डिफरन्शियल दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं चालू देतो. 1828 साली फ्रान्समध्ये ओनेझिफोर पेकर यानं वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं, आणि आज लग्नाच्या वरातीतल्या गाडीपासून ऊस वाहणाऱ्या ट्रकपर्यंत सगळ्यांच्या पोटात तो आहे.

पण त्याच्या भलेपणाला एक मोठी खोट आहे. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो किती द्यायचा हे दुबळं चाक ठरवतं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे जास्त सांगावं लागत नाही. जू मधोमध दांडीला बांधलेलं असतं. एक बैल ढिला पडला की जू तिरकं होतं, आणि दुसरा कितीही दांडगा असला तरी त्याची ओढ ढिल्या बैलाच्या ओढीएवढीच गाडीला लागते. चिखलातलं चाक म्हणजे तो ढिला बैल. त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून कोरड्यावर उभ्या असलेल्या चाकालाही काहीच मिळत नाही. इंजिन शंभर घोड्यांचं असो की दोनशे.

"पण गाडी फोर-बाय-फोर आहे की," असं पुष्कळजण म्हणतात. रोटी घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, चारही चाकांना जोर देणं म्हणजे तेवढंच. जोडी वाढली, ओढ वाढली, हे खरं. पण प्रत्येक जोडीचं जू आपापलं तिरकं होऊ शकतंच. पावसाळ्यात आमच्या पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात. तिथे गाडीचं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम अधांतरी झालं, की चारही चाकांना जोर असलेली गाडी दोन चाकं गरगर फिरवत जागेवर उभी राहते. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि एकदा तर दवाखान्यात न्यायचं माणूस गाडीत असताना पाहिलं आहे. लॉकर बसवायचा निश्चय मी त्या रात्री केला.

तर हा लॉकर. काम त्याचं एकच: जू तिरकं होऊ द्यायचं नाही, दांडीला आवळून बांधायचं. मग दोन्ही एक्सल एकच होतात. चिखलातलं चाक फिरेल तेवढंच कोरड्यावरचं फिरेल, आणि ज्याची पकड असेल तो सगळा भार ओढेल.

अंगानं तो फार मोठा नाही. मध्यम भोपळ्याएवढं पोलादी शरीर, भोवती क्राऊनचं दातेरी कडं. राहतो मागच्या हौसिंगमध्ये, दाट गियर ऑइलमध्ये निम्मा बुडून. त्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, हाताला लागला की दोन आंघोळींनी जात नाही. गाडीच्या मालकाला तो जन्मभर दिसत नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर दिवसचे दिवस गाडी धावते, चौफुल्याला थांबते, हडपसरच्या गर्दीत अडकते, आणि हा आपल्या तेलात झोपलेला असतो. वर्षातून वीस वेळा उठत असेल, तेही मिनिटा-दोन मिनिटांसाठी. बोलणं म्हणजे एक 'टक' धरताना आणि एक सोडताना. एवढ्या कमी कामासाठी एवढा महागडा गडी कशाला, असं घरात विचारलं गेलंच. पण विहिरीवरचा दोरसुद्धा रोज लागत नाही. लागतो तेव्हा दुसरं काही चालत नाही.

त्याची भावकी मात्र मोठी आहे, आणि नावं सारखी असली तरी स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

सर्वांत हट्टी तो वेल्डिंगचा. जुन्या जीपगाड्यांत डिफरन्शियलमधली स्टार गियरं सरळ वेल्ड करून टाकायचे. खर्च जवळजवळ नाही, आणि चिखलात याच्यासारखा कुणी नाही. पण हा एकदा धरला की मरेपर्यंत सोडत नाही. डांबरावर प्रत्येक वळणाला टायर किंचाळतो आणि एक दिवस एक्सल तुटतो. याला घरात घेऊ नका, एवढंच सांगतो.

दुसऱ्या टोकाला लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी. हा तडजोड करणारा. दोन चाकांत फरक वाढायला लागला की आतल्या क्लच प्लेटांच्या घर्षणानं थोडं आवरतो, थोडं सोडतो. ओल्या रस्त्यावर, खडीवर फार गुणी. पण एक चाक पुरतं हवेत गेलं की त्याच्याकडून फारशी आशा धरू नये. प्लेटा झिजतातही, आणि त्याच्या तेलात वेगळं औषध घालावं लागतं. हल्ली काही गाड्या ब्रेकच्या मदतीनं हेच साधतात: फिरणारं चाक सेन्सर ओळखतो, त्या चाकापुरता ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. मारुतीच्या जिम्नीत ही सोय आहे. ती चांगली चालते, पण तिला लॉकर म्हणता येत नाही. आत काहीच जोडलं जात नाही.

ज्याच्याशी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची गाठ पडते तो ईटनचा मेकॅनिकल लॉकर. 2020 च्या महिंद्रा थारमध्ये तो दिलेला होता, स्कॉर्पिओ-एनच्या फोर-बाय-फोरमध्ये आहे, आणि बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्येही आहे. त्या गाडीला तर पुढच्या चाकांचा जोर नाहीच. मागचा हा एकटाच खिंड लढवतो. ईटनचा एक कारखाना भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत आहे, त्यामुळे हे नाव आमच्या भागातल्या कामगारांच्या डब्यांवर आणि बसच्या पाट्यांवर वाचलेलं.

हा लॉकर स्वयंभू आहे. त्याला बटण नाही, दांडा नाही. आत लहान वजनं असतात. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ती वजनं बाहेर फेकली जातात, खाच पकडतात आणि लॉकर आपणहून धरतो. गाडी ताशी तीसच्या वर असेल तर तो धरायचंच नाकारतो, म्हणून महामार्गावर त्याच्यापासून धोका नाही. काम झालं की सोडतोही आपणहून. ज्याला गाडीच्या पोटात काय चाललंय याचा विचार करायचा नाही, त्याच्यासाठी याच्याइतका भरवशाचा गडी नाही. बायको, मुलगा, भाऊ, ड्रायव्हर, कुणीही गाडी घेतली तरी चुकीच्या वेळी लॉक राहिल्याची भीती नाही. मावळात, भोरच्या बाजूला दगडांवर त्याचं काम पाहिलं की मान डोलावीशी वाटते. चाक दगडावरून उचललं, भर्रकन फिरलं, 'धाड्' आवाज झाला, गाडी चढली.

मग मी त्याला का घेतलं नाही? त्या शंभर फेऱ्यांसाठी. शंभर फेऱ्या मिनिटाला म्हणजे सेकंदाला दीडपेक्षा जास्त. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला तर सेकंदाला जवळपास चार मीटर रबर एकाच जागी मातीवरून घासतं, आणि हे सगळं लॉकर धरण्याच्या आधी. दगडावर त्यानं काही बिघडत नाही. मुरमाड जमिनीवर फार तर खडे उडतात. काळ्या मातीत मात्र तेवढ्या वेळात टायर स्वतःचा खड्डा खणून घेतो, खाचा लोण्यासारख्या चिखलानं बुजतात आणि लॉकर धरतो तेव्हा धरायला जमीनच उरलेली नसते. आण्णांनी तेव्हा सांगितलं होतं ते हेच: आधी चाक थांबू दे, मग दाब. काळ्या मातीत लॉकरला चाक फिरण्याआधी उठवावं लागतं. जो आपल्या हाकेनं उठतो असाच आमच्या रानाला हवा होता.

हाकेनं उठणाऱ्यांत पहिला फोर्स गुरखाचा. ही कंपनी 1958 साली बजाज टेम्पो म्हणून सुरू झालेली, आकुर्डीची, आपलीच. गुरखात पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना लॉक आहेत आणि ते सीटशेजारच्या दांड्यांनी लागतात. दांडा ओढला की लोखंडानं लोखंडाला हलवल्याचं हाताला कळतं. मला हा लॉकर मनापासून आवडतो. ट्रॅक्टरच्या पेडलाचा हा सख्खा भाऊ. पण तो त्या गाडीचाच आहे, काढून आमच्या गाडीला लावता येत नाही.

दुसरा हवेचा. ऑस्ट्रेलियात टोनी ब्राउन यांनी 1975 साली सुरू केलेल्या एआरबी कंपनीनं 1987 मध्ये रॉबर्ट्स डिफ-लॉक हा धंदा विकत घेतला आणि त्यातून पुढे जगभर गेलेला एअर लॉकर उभा राहिला. बटण दाबलं की छोट्या कंप्रेसरची हवा नळीतून हौसिंगमध्ये जाते, आतली कडी सरकवते, आणि लॉकर धरतो. ताकदीला तोड नाही. शिवाय त्याच कंप्रेसरनं टायरात हवा भरता येते, आणि चिखलासाठी हवा बत्तीस पीएसआयवरून वीसपर्यंत उतरवणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. पण त्याला नळी आहे, सील आहेत. नळीचा जोड सुटला की लॉकर नाही. आतला सील गेला तर गियर ऑइल नळीतून वर चढतं. आणि उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं उंदरांचा विचार केल्याशिवाय कुठलीही नळी अंगणात उभ्या गाडीला लावू नये.

तिसरा विजेचा. बटण दाबलं की विद्युतचुंबक आतली चकती खेचतो आणि गियर अडकतो. टोयोटा हायलक्समध्ये मागे हा आहे, 2024 च्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरमध्ये महिंद्रानं मेकॅनिकलच्या जागी हाच दिला. जीप रँग्लरची रुबिकॉन तर पुढे-मागे दोन्हीकडे विजेचे लॉकर घेऊन येते, आणि रँग्लरची जोडणी 2021 पासून रांजणगावलाच होते. म्हणजे महागणपतीच्या गावाजवळून, आमच्याच नदीच्या पलीकडून, असे लॉकर पोटात घेऊन गाड्या बाहेर पडतात. उंदीर वायरही कुरतडतो, हे खरं. पण तुटलेली वायर आमच्या गावातला कुठलाही इलेक्ट्रिशियन पंधरा मिनिटांत जोडून देतो. हवेच्या लॉकरचा सील तालुक्यात मिळत नाही. मी विजेचा निवडला त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं पाटाचा भराव.

खडकवासल्याहून येणारा कालवा आमच्या भागाला जगवतो. त्याच्या भरावावरून पाहणीचा रस्ता जातो, आणि पावसाळ्यात तो रस्ता पाण्याकडे किंवा शेताकडे कलंडलेला असतो. आडव्या उतारावर लॉकरचं दुसरं तोंड दिसतं. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं तेव्हा दुसरं उभं असतं, आणि तेच उभं चाक गाडीला आडवं घसरू देत नाही. लॉकर लावला की दोन्ही चाकं एकदम फिरतात, दोघांचीही आडवी पकड एकदम सुटते, आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या दिशेनं सरकायला लागतो. ज्यानं चिखलातून ओढून काढलं, तोच इथे पाण्याकडे नेतो. मी हे एकदा, पाच-सहा फुटांपुरतं, अनुभवलं आहे. मागचं अंग पाटाकडे चाललं तेव्हा कानात आण्णांचा आवाज आला आणि पाय ॲक्सिलेटरवरून निघाला. मग बटण बंद केलं. पहिल्यांदा पाय, नंतर बोट.

म्हणून लॉकर निवडताना तो किती घट्ट धरतो हे मी फार विचारलं नाही. सगळेच धरतात, तो त्यांचा कुळाचारच आहे. मी विचारलं तो सोडतो कसा. तारेत वीज नाही, बॅटरी बसली, फ्यूज उडाला, तर सुटलेला राहतो की धरलेला? माझ्या लॉकरची वीज गेली की स्प्रिंग त्याला मोकळा करते. ट्रॅक्टरच्या पेडलाखालची स्प्रिंग तेच करायची. गाडीच्या लॉकरला एकच उणं आहे: ट्रॅक्टरवर पाय काढला की काम संपायचं, बटण मात्र बोट काढलं तरी दाबलेलंच राहतं. ते आठवण ठेवून बंद करावं लागतं. डॅशवर त्याचा पिवळा दिवा अशा जागी लावून घेतला आहे की गाडी चालवताना तो डोळ्यांत खुपावा.

आता पैशांचं आणि कामाचं. लॉकर आणि बसवणूक मिळून खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. तेवढे पैसे काढण्याआधी आपले टायर पाहा. घासलेल्या हायवे टायरांवर लॉकर म्हणजे चपला घालून चिखलात धावणं; चांगले मड टायर आणि उतरवलेली हवा यांनीच निम्मी कामं होतात. आधी मागचा बसवा, पुढच्याची घाई करू नका. चढावर गाडीचं वजन मागे येतं, तिथे मागचा उपयोगी पडतो. पुढचा लावला की स्टिअरिंग दगडासारखं होतं. आणि तुमची गाडी महामार्ग, रोटी घाट आणि बारामती एवढंच करत असेल तर लॉकर घेऊच नका. तो तुमच्याकडे नुसता झोपून राहील.

खरेदीच्या वेळी हौसिंगचं नाव, क्राऊन-पिनियनचा रेशो आणि एक्सलच्या टोकाच्या खाचा, या तीन गोष्टी प्रत्यक्ष तपासून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक खाचा बदललेल्या असतात. माझ्यासाठी आलेला पहिला लॉकर परत गेला, कारण दुकानदारानं गाडीचं नुसतं नाव विचारलं होतं. वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा लॉकर बसवण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या, आणि गाडीतल्या बदलांबाबत मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 आहे, तेही विसरू नका.

बसवणारा मिस्त्री लॉकरइतकाच पारखून घ्या. आमचा मिस्त्री वयानं साठीचा. जुना डिफरन्शियल बाहेर काढल्यावर त्यानं आधी क्राऊनच्या दातांवरून अंगठा फिरवला, दोन जागी थांबला आणि नुसतं "हं" म्हणाला. मग नव्या लॉकरला क्राऊन लावून, हौसिंगमध्ये बसवून, डायल गेज लावला. दातांमधला मोकळा प्ले पाव मिलिमीटरच्या आत यायला हवा होता. कागदापेक्षा पातळ शिम काढायचे, दुसरे घालायचे, बोल्ट आवळायचे, परत पाहायचं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला. चौथ्या खेपेला काटा हवा तिथे थांबला. मग दातांना रंग लावून क्राऊन फिरवला आणि रंग कुठे घासला गेला ते बॅटरीच्या उजेडात वाकून पाहिलं. ठसा दाताच्या मधोमध होता. तेव्हाच त्यानं तेल ओतलं. ज्या गॅरेजमध्ये हे काम दोन तासांत करून देतो म्हणतात, तिथून गाडी परत आणा.

शेवटची परीक्षा त्यानं मला करायला लावली. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचललेली, गाडी पहिल्या गियरमध्ये, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावलेले. "उजवं चाक फिरवा," तो म्हणाला. मी हातानं पुढे फिरवलं. पलीकडे डावं चाक तेवढंच मागे फिरलं. हा डिफरन्शियलचा भला स्वभाव, जिवंत डोळ्यांसमोर. मग त्यानं चावी अर्धी फिरवून बटण दाबलं. "आता फिरवा." मी जोर लावला. चाक दोन बोटं हललं, आत 'टक' झालं, आणि मग भिंतीला हात लावल्यासारखं. दोन्ही हातांनी, पाय रोवून लोटलं तरी हललं नाही. तो आवाज मला ओळखीचा होता. विळा दगडाला लागावा एवढाच.

आण्णा आता गाडी चालवत नाहीत, शेजारी बसतात. पहिल्या पावसानंतर आम्ही पाणंदीनं रानात गेलो. चाकोरी दिसली तिथे गाडी थांबवली, बटण दाबलं, दिवा लागला, आणि पहिल्या गियरमध्ये रेस न वाढवता चिखल पार केला. एकाही चाकानं माती उडवली नाही. आण्णा काही बोलले नाहीत, पण चारीच्या वळणाच्या वीस पावलं आधी त्यांचा उजवा पाय उचलला गेला, ते मी पाहिलं. मी बटण बंद केलं.

एक गोष्ट नव्यानं लॉकर घेणाऱ्यांना सांगायची राहिली. बटण बंद केलं तरी आत ताण असेल तर लॉकर लगेच सुटत नाही, दिवा तसाच राहतो. घाबरू नका आणि पुढे दामटू नका. मऊ जमिनीवरच सावकाश चालत स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करा, किंवा हातभर मागे घ्या. ताण निघाला की तो आपला 'टक' म्हणतो. दिवा विझल्याशिवाय डांबरावर चढू नका.